अळी अळीच राहिली, मग डार्विन कशाला?

सर, सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. बीटी कपाशी, म्हणजे जिवाणूचं जनुक घालून झाडातच अळीनाशक विष तयार होणारी कपाशी, गुलाबी बोंडअळीला मारेनाशी झाली ही उत्क्रांतीच, असं मी लेखात म्हटलं होतं; त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. अळी शेवटी अळीच राहिली, मग डार्विनला मध्ये कशाला ओढायचं? दुसरा, दारुड्याला जशी दारू चढेनाशी होते तशी अळीला बीटीची सवय झाली, यात उत्क्रांती कुठली? आणि तिसरा, मी सगळं खापर शेतकऱ्यावर फोडलं.

मधला आधी घेतो, खरी गोम तिथंच आहे. सवय लागायला आधी जिवंत राहावं लागतं. बीटी बोंडात शिरलेली साधी अळी कोवळी असतानाच मरते. तिच्या आतड्याच्या पेशींवर कॅडहेरिन नावाचं प्रथिन असतं. बीटीचं विष त्याला चिकटतं आणि आतडं फाटतं. पण असंख्य अळ्यांत एखादीच्या त्या प्रथिनाच्या जनुकात, आई-बापाकडून आलेल्या दोन्ही प्रतींत, जन्मापासूनच बिघाड असतो. विषाला चिकटायला जागा मिळत नाही, ती वाचते. भारतातल्या प्रतिकारक अळ्या तपासल्या तेव्हा या जनुकात एकच नाही, अनेक तऱ्हेचे बिघाड सापडले. कुणी काही शिकलं नाही, कुणाला काही पचनी पडलं नाही. बाकीच्या मेल्या, ती उरली, आणि पुढची पिल्लावळ तिची झाली. दारुड्यानं कमावलेली सवय पोराला वारशानं मिळत नाही. हा बिघाड मिळतो.

हे पटत नसेल तर तुमचंच रान बघा. कपाशीत तुरीची ओळ घेता, शेजारी हरभरा असतो, असं तुम्हीच लिहिलंय. हिरवी बोंडअळी कपाशी खाते, तूर खाते, हरभऱ्याचे घाटे पोखरते. गुलाबी मात्र जवळजवळ कपाशीवरच जगते. २००२ साली बीटी कापूस आला तेव्हापासून दोघींच्या वाट्याला तेच विष आलं. हिरवीचे साधे पतंग दरवर्षी तुरी-हरभऱ्यातून येत राहिले आणि कपाशीतून वाचलेल्यांशी जुळत राहिले. गुलाबीला असं बाहेरचं माहेर नव्हतं. वाचलेल्यांची गाठ वाचलेल्यांशीच. २००९-१० च्या सुमारास गुजरातेत तिनं पहिल्या बीटीला दाद दिली नाही. २००६ पासून आलेलं दोन विषांचं बियाणंही पुढं तिला अडवू शकलं नाही. २०१७ च्या हंगामात आपल्याकडं काय झालं ते तुम्ही भोगलंय: पाकळ्या गुंडाळून मिटलेल्या डोमकळ्या, आणि वरून धड दिसणारं बोंड फोडलं की पिवळट कापूस, भोक पडलेली सरकी. हिरवी अळी कपाशीत अशी मोकाट सुटली नाही. सवयीचाच मामला असता तर दोघींनाही लागायला हवी होती ना?

डार्विनला मी एवढ्यासाठीच आणला. नवी जात तयार झाली असं मी कुठंच म्हटलेलं नाही; कपाशीच्या दहा-पंधरा हंगामांत ते बसतही नाही. पिढ्यांगणिक एखाद्या जिवाच्या समूहात कुठला वारसा किती उरतो हे बदलणं, यालाच उत्क्रांती म्हणतात. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी जाहीर सांगितलं की डार्विन चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी मिळून त्याला उत्तर दिलं. मला आपलं वाटत राहिलं, साहेबांनी त्या हिवाळ्यात शहराबाहेर कुठल्याही पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडांची, चार बोंडं फोडून बघायला हवी होती.

आता खापराचं. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकी यायची. ती कडेनं लावायची, म्हणजे तिथं साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळतील, आणि बिघाडाची एकच प्रत मिळालेली संतती बीटीवर मरेल. कागदावर चोख. पण तीन एकर कोरडवाहूवाल्याला ‘ह्या ओळी अळीला खाऊ दे’ असं कारण न सांगता म्हणायचं, तर तो पाकीट बाजूला टाकणारच. मी त्याला दोष दिलेला नाही, आताही देत नाही. विकणाऱ्यांना आणि विकायला परवानगी देणाऱ्यांना हे आधीपासून माहीत होतं, त्यांना देतो. ॲरिझोनात अशा ओळी नेमानं राखल्या, पुढं वांझ पतंगही सोडले. २०१८ साली अमेरिकेनं आपल्या कापूस पट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. अळी तीच, विषही बीटीचंच.

शेवटी तुम्ही विचारलंत, फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही तीच कपाशी राखून पुढचा बहार, न घेता डिसेंबरातच पऱ्हाटी उपटली तर फरक पडतो का. पडतो. ही अळी थंडीत जोड-सरकीत, म्हणजे एकमेकांना चिकटवलेल्या दोन सरक्यांत, किंवा पालापाचोळ्यात झोपून राहते. मधल्या महिन्यांत निघालेल्या पतंगाला पाती (कळ्या) आणि बोंडं मिळाली नाहीत तर त्याची वीण तिथंच खुंटते. मात्र उपटलेली पऱ्हाटी जळणासाठी बांधावर रचून ठेवू नका, किडकी बोंडं तिच्यातच राहतात. आणि शेजाऱ्यानंही उपटायला हवी. पतंगाला बांध कळत नाही.