केप चढवली की पैसा? जरा हिशेब बघू

सुपरहिरोपटांचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरवला जातो. त्याचा आशय असा: सुपरहिरो म्हणजे नोटा छापायचं मशीन, ओळखीचं नाव घ्या, केप (नायकाच्या पाठीवरचा तो झगा) चढवा, प्रेक्षक येतातच. खर्चापेक्षा गल्ला जास्त झाला की नफा. आणि हे जमतं ते फक्त गडगंज स्टुडिओंना, कॉमिक्सवाली मार्व्हल कंपनीही पैशाच्या जोरावरच उभी राहिली. ऐकायला सगळंच पटतं. म्हणूनच एकेक मुद्दा सोडवून बघायला हवा.

आधी नावाचं बघू. २०१९ मध्ये ‘कॅप्टन मार्व्हल’ने जगभरात सुमारे ११३ कोटी डॉलर जमवले. चार वर्षांनी तीच नायिका, तीच अभिनेत्री घेऊन ‘द मार्व्हल्स’ आला आणि २०.६ कोटींवर आटोपला. अ‍ॅक्वामॅनचा पहिला सिनेमा ११५ कोटींच्या घरात, दुसरा ४४ कोटींच्या आसपास. ‘जोकर’चं तर विचारूच नका (तो बॅटमॅनचा खलनायक आहे, मान्य, पण दुकान तेच). पहिल्यावर ७ कोटींच्या आतबाहेर खर्च झाला आणि गल्ला १०० कोटींच्या पार गेला. २०२४ च्या दुसऱ्या भागावर जवळपास २० कोटी ओतले आणि जेमतेम तेवढाच गल्ला आला. दिग्दर्शक तोच, नट तोच, रंगवलेलं तोंडही तेच.

उलट २०१४ मध्ये एक तोंडाळ रॅकून आणि तीन शब्दांत सगळं आटपणारं झाड घेऊन ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ आला. कॉमिक्स वाचणारे सोडले तर ही मंडळी कुणाला माहीत होती? तरी ७७ कोटी. बरं, ‘कॅप्टन मार्व्हल’चे ११३ कोटी तरी तिच्या एकटीचे होते का? मार्व्हलच्या नायकांना एकत्र आणणाऱ्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्या दोन भागांच्या मध्ये तो सिनेमा आला होता. आधीच्या भागात अर्धं जग चुटकीसरशी नाहीसं झालंय, पुढे काय होणार, या उत्सुकतेवर तो स्वार झाला. म्हणजे नावाची किंमत नावात कमी आणि एकात एक गुंतलेल्या सिनेमांच्या रांगेत ते कुठे उभं आहे यात जास्त होती. २०२३ मध्ये रांगच विस्कटली होती.

दुसरा मुद्दा नफ्याचा, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. तिकीटबारीवर जमलेला सगळा पैसा स्टुडिओच्या खिशात जात नाही. अमेरिकेत साधारण निम्मा थिएटरवाले ठेवतात, परदेशात स्टुडिओच्या हाती त्याहून कमी येतं आणि चीनमध्ये तर जेमतेम पाव हिस्सा. शिवाय छापून येतं ते बजेट निर्मितीचं. जाहिरातीचा खर्च वेगळा, आणि एवढ्या मोठ्या सिनेमाला तोही कोट्यवधी डॉलरचा.

२०२३ चा ‘द फ्लॅश’ घ्या. निर्मिती २० कोटींच्या वर, गल्ला २७ कोटी. त्या मजकुराच्या हिशेबाने ७ कोटींपर्यंत फायदा! प्रत्यक्षात थिएटरांचा वाटा वजा केला की स्टुडिओकडे १३ कोटींच्या आसपास उरतात. त्यात निर्मितीच निघत नाही, जाहिरातीचं तर सोडाच. धंद्यातले लोक म्हणूनच ढोबळमानाने खर्चाच्या अडीचपट गल्ला धरतात, तेव्हा कुठे पैसे सुटतात.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे आणि तीही या मजकुरात नाही. गल्ला म्हणजे सगळी कमाई नव्हे. टीव्ही, स्ट्रीमिंग, खेळणी, टी-शर्ट यांचा पैसा वेगळा येतो, आणि तो कुणाकडे जातो हे पोस्टरवरच्या आकड्यातून कळत नाही. स्पायडरमॅनचे सिनेमे सोनी काढते. पण २०११ च्या करारानंतर त्याच्या बाहुलीचा, दप्तराचा धंदा डिस्नेच्या मार्व्हलकडे आहे. सिनेमा एकाचा, दप्तर दुसऱ्याचं.

आता गडगंजपणाचं. डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. एक्स-मेन आधीच फॉक्स स्टुडिओकडे गेले होते, पुढे स्पायडरमॅनचे चित्रपट-हक्क सोनीकडे गेले. २००२ मध्ये स्पायडरमॅनने पहिल्याच वीकेंडला १० कोटी डॉलर ओलांडले, असं आधी कुठल्याच सिनेमाला जमलं नव्हतं. त्यातली साय मात्र परक्याच्या वाटीत गेली.

ही चूक मार्व्हलला झोंबली असणार. २००५ मध्ये त्यांनी मेरिल लिंच या वित्तसंस्थेमार्फत ५२.५ कोटी डॉलरच्या कर्जाची सोय केली, आणि तारण काय ठेवलं, तर दहा पात्रांचे चित्रपट-हक्क. कॅप्टन अमेरिका, ब्लॅक पँथर, डॉक्टर स्ट्रेंज, अँट-मॅन, शांग-ची… सिनेमे आपटले असते तर हे सगळे घरदार सोडून निघाले असते. घरातली भांडी गहाण टाकून दुकान काढावं तसा हा प्रकार. गंमत म्हणजे ज्याने डाव जिंकून दिला तो आयर्न मॅन गहाणाच्या यादीत नव्हताच. २००८ मध्ये सुमारे १४ कोटींच्या खर्चावर त्याने ५८ कोटी आणले. डिस्नेने मार्व्हल विकत घ्यायला सुमारे ४०० कोटी डॉलर मोजले ते २००९ मध्ये, म्हणजे दुकान चालू लागल्यावर.

आणि ज्याच्याकडे खरंच पैसा होता त्या वॉर्नर स्टुडिओचं काय? सुपरमॅन, बॅटमॅन दोघेही घरचेच. तरी १९९७ च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ने अशी शोभा केली की पुढचा बॅटमॅन यायला २००५ उजाडलं.

हल्ली याच्या अगदी उलटा मजकूरही फिरतो, की सुपरहिरो संपले. ‘द मार्व्हल्स’ आपटल्याच्या पुढच्याच वर्षी ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ने १३३ कोटी डॉलर नेले, हे त्यात नसतं.

राहता राहिली गहाण टाकलेली ती दहा पात्रं. त्यातल्या ब्लॅक पँथरने २०१८ मध्ये एकट्याने १३० कोटींच्या वर गल्ला केला. त्याच यादीत त्याच्याइतकंच तारण म्हणून पॉवर पॅक नावाची चार भावंडं होती. त्यांच्या नावावर अजून एकही सिनेमा नाही.