चिठ्ठीत निघाला राजगड

महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला एक अशा बारा किल्ल्यांना युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा ठरवलं, तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते. त्याची शिक्षा ऑगस्टातच होईल असं वाटलं नव्हतं.

चौथीच्या इतिहासात शिवाजी महाराज असतातच. लेकीच्या बाईंनी वर्गात किल्ल्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. छत्तीस मुलं, म्हणजे प्रत्येक किल्ला तीन घरांच्या बोकांडी. ज्यांची पूर्वपुण्याई होती त्यांना खांदेरी निघाला. निळा कागद, त्यावर दगड, दगडावर झेंडा, संपलं काम. जिंजीवाल्यांना तीन डोंगर उभे करायचे होते, त्यामुळे त्यांच्याकडे बघून थोडं बरं वाटलं. आम्हाला राजगड.

रात्री पालकांच्या ग्रुपवर बाईंचा मेसेज आला. थ्रीडी मॉडेल, अडीच फूट बाय दोन फूट, पर्यावरणपूरक साहित्य, शनिवारी प्रदर्शन. ‘मुलांनी स्वतः करावे, पालकांनी फक्त मार्गदर्शन करावे.’ या शेवटच्या वाक्याला एकोणतीस अंगठे आले. दुसऱ्या दिवशी त्यातले चार अंगठे मला स्टेशनरीच्या दुकानात भेटले. कुणी कुणाला ओळख दिली नाही.

थर्माकोल मागायची सोय नव्हती. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हाच सजावटीचं थर्माकोलही बाद झालं. दुकानदाराने नुसतं “कुठला निघाला?” विचारलं. मी “राजगड” म्हटल्यावर त्याने न मागता फेव्हिकॉलचा मोठा डबा काउंटरवर ठेवला.

माझा आत्मविश्वास मात्र दांडगा होता. कॉलेजात असताना मी राजगड चढलोय, तोही रात्री. रात्री चढल्यामुळे काहीच दिसलं नव्हतं, हे आत्ता कागदावर नकाशा काढायला बसल्यावर लक्षात आलं. मधोमध बालेकिल्ला आणि तीन बाजूंना तीन माच्या पसरलेल्या: पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. संजीवनीला तटाच्या आत तट, आणि मधून माणूस चालेल एवढी फट. सुवेळा माचीवर कातळाला आरपार नैसर्गिक भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. लेकीने पुस्तक मिटून जाहीर केलं, “बाबा, नेढ्यातून पलीकडचं दिसलं पाहिजे.” ज्या माणसाला अलीकडे सुईच्या नेढ्यात दोरा ओवता येत नाही त्याला हे सांगणं म्हणजे क्रौर्य आहे.

साहित्याचा प्रश्न आईने सोडवला. “कागदाचा लगदा कर की. आम्ही सुपं लिंपायचो नाही का? रद्दी भिजवायची, मेथी वाटून घालायची. मेथीने चिकटही होतो आणि कीडही लागत नाही.” रद्दी दोन दिवस बादलीत भिजली. मग मी ती मिक्सरमधून काढली. चटणीच्या भांड्यातून. हे वाक्य लिहायला सोपं आहे. बायको आली तेव्हा भांड्यात राखाडी लापशी फिरत होती आणि झाकणाला ‘सोन्याचे दर’ एवढीच अक्षरं चिकटली होती. मिक्सर तत्काळ जप्त झाला. मेथी अजून वाटायची राहिली होती, ती मी खलबत्त्यात ठेचली. ठेचली म्हणजे वरचे दाणे ठेचले.

खोके, वर्तमानपत्राचे बोळे, वरून लगदा. मंगळवारी रात्री गड उभा राहिला. बुधवारी सकाळी बसला. बालेकिल्ला रात्रीत दोन बोटं खचून पद्मावतीकडे झुकला होता. खाली डाळीचा रिकामा डबा घालून त्याला पुन्हा राज्यावर बसवला.

आणि मग वाळेना. पुण्यातला ऑगस्ट, आठ दिवस ऊन नाही, मोजे वाळत नाहीत तिथे राजगड काय वाळणार? पंखा लावला. हेअर ड्रायर लावला, तर पाऊण तासात सुवेळा माची कोरडी होण्याऐवजी ड्रायरच तापून बंद पडला. शेवटी गड रात्रभर पंख्याखाली हॉलमध्ये ठेवला. आम्ही चौघं आतल्या खोलीत गरमीत झोपलो.

एवढ्यात तळमजल्यावरचे काका आले. पुण्यात प्रत्येक इमारतीत राजगडला पन्नासहून जास्त वेळा जाऊन आलेला एक माणूस असतोच. ते चहाला बसले नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून गडाभोवती एक प्रदक्षिणा घातली.

“अळू दरवाजा?”

“राहिलाय, काका.”

“गुंजवणे दरवाजा इथे नसतो. पद्मावती तळं एवढं मोठं नाही. हे काय आहे?”

“पाली दरवाजा.”

“बरं,” असं त्यांनी ज्या स्वरात म्हटलं, त्या स्वरात डॉक्टर बाहेर थांबलेल्या नातेवाइकांशी बोलतात.

नेढ्याचं काही जमत नव्हतं. मी जुनी रिफिल खुपसली, भोक पडलं, रिफिल काढली, भोक बुजलं. बांगडी घालून बघितली, तर सुवेळा माचीवर पाळणा टांगल्यासारखा दिसायला लागला. गुरुवारी रात्री मी हात टेकले. लेक जेवून आली, चिकट करंगळी कातळात घातली, गोल फिरवली आणि काढली. पलीकडचा टीव्ही दिसत होता.

शुक्रवारी सकाळी रंग द्यायला बसलो तेव्हा संजीवनी माचीच्या दोन तटांमधून काहीतरी हिरवं डोकावत होतं. चष्मा लावला. मोड. खलबत्त्यातून निसटलेली मेथी चार दिवसांच्या ओलीत तरारून वर आली होती. दुपारपर्यंत पद्मावतीवरही रोपटी दिसायला लागली. उपटायला गेलो तर लगदाही सोबत येत होता. तसंच ठेवलं, भोवतीने गेरू मारला.

शनिवारी पाऊस. गड मेणकापडात गुंडाळून मांडीवर घेतला आणि रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं. “राजगड ना, साहेब? बालेकिल्ला जरा कलता वाटतोय.” मी म्हटलं, रस्त्यात खड्डे आहेत.

वर्गात तीन राजगड ओळीने मांडले होते आणि तीन बाप आपापल्या गडाजवळ, आपण सहज आलोय अशा चेहऱ्याने उभे होते. एकाच्या अंगठ्याला बँडेज होतं. बाईंनी आमच्या गडापुढे थांबून लेकीला विचारलं, “यातलं तू काय काय केलंस?”

“नेढं मी पाडलं,” लेक म्हणाली. “बाकी बाबांनी.”

मी खिडकीबाहेरचं मैदान निरखत होतो. मैदानात बघण्यासारखं काही नव्हतं. बाई वाकून नेढ्यातून पलीकडे बघून आल्या, मग संजीवनी माचीवर हात फिरवला. “आणि हे गवत? अगदी खरं वाटतंय. कुठे मिळतं?”

“किराणावाल्याकडे,” लेक म्हणाली.

शेरा मिळाला: ‘नेढे उत्तम. हिरवळ नैसर्गिक.’ बालेकिल्ल्याबद्दल काही लिहिलं नव्हतं.

गड आता कपाटावर आहे. टाकवत नाही आणि ठेवायला दुसरी जागा नाही. आई त्यावर रोज गुपचूप पाणी शिंपडत होती, हे मला मंगळवारी कळलं. मी घरी आलो तेव्हा ती स्टुलावर उभी होती, हातात चाळणी, आणि स्टूल धरायला माझी बायको. संजीवनी माची खुडून झाली होती, पद्मावती निम्मी.