दूध-दुभत्याचे दुकान नफ्यात कसे चालवावे

दूध, दही, पनीर, श्रीखंड असा नाशवंत माल विकू पाहणाऱ्या होतकरू दुकानदाराने मागणीचा अंदाज बांधण्याच्या फंदात पडू नये. दसऱ्याला श्रीखंड किती खपले याची नोंद गेल्या वर्षी ठेवली नव्हती, तेव्हा यंदाही ठेवण्याचे कारण नाही. रात्री कुलूप लावताना फ्रीजचे बटणही बंद करावे. ५ अंशांच्या आत ठेवायचे दही सकाळपर्यंत आंबले, तर ते 'गावठी चवीचे' म्हणून खपते. दुधाच्या पिशवीमागे छापील किमतीपेक्षा दोन रुपये जास्त घेऊन त्यांना 'कूलिंग चार्ज' म्हणावे.

किमतीचे लेबल नेहमी तारखेवरच चिकटवावे.

सुट्या मिठाईपुढे ती कधीपर्यंत खावी हे लिहिणे १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. म्हणून पाटीवरची तारीख रोज बदलावी, पेढे तेच ठेवावेत.

ज्याची मुदत आधी संपते तो माल पुढे मांडावा, हा नियम मात्र जरूर पाळावा. मुदत जवळ येईल तसतसा भाव उतरवावा, हा त्याचा उत्तरार्ध शिकण्याची गरज नाही. गेल्या आठवड्यात एका दुकानातून पूर्ण किंमत मोजून मी पनीर आणले आणि घरी लेबल खरवडून पाहिले, तर त्याची मुदत त्याच रात्री संपत होती. परत जाऊन विचारले, तेव्हा मालकांनी गंभीरपणे सांगितले की कमी भावाने विकले की गिऱ्हाइकाला सवय लागते. छापील किमतीच्या वर एक रुपयाही घेण्यास कायद्याने मनाई आहे, तेथे हे गृहस्थ रोज बिनदिक्कत दोन रुपये उकळतात. आणि खाली उतरण्यास कोणाचीही आडकाठी नाही, तेथे यांना आमच्या सवयींची चिंता! संध्याकाळी निम्म्या भावात दिलेल्या पनीरचे निम्मे पैसे तरी हाती येतात, उद्या सकाळी त्याचे काहीच येणार नाहीत, एवढा हिशेब गल्ल्यावर बसणाऱ्याला कळत नाही असे नाही. कळतो, म्हणूनच ते पाकीट तारीख झाकून माझ्या पिशवीत घातले जाते.

माल जास्त तुम्ही मागवलात, फ्रीज तुम्ही बंद ठेवलात, मग त्याचा भुर्दंड आमच्या खिशाने आणि घरातल्या लहान मुलांच्या पोटाने का सोसावा? रोज दुपारी तारखा तपासा, आज-उद्या संपणारा माल वेगळा काढून त्यावर उतरलेला भाव ठळक लिहा, आणि मुदत संपलेला माल मुकाट्याने फेकून द्या. एवढेही होत नसेल, तर दूध-दुभते सोडा आणि खिळे विकायला बसा.