ब्राह्मीच्या मेसेजपायी आत्याने बीपीची गोळी सोडली

साखर पेठेतल्या माझ्या आत्याने नऊ दिवस बीपीची गोळी घेतली नव्हती. का, म्हणून विचारलं तर तिने मोबाईलच पुढे केला: "ब्राह्मी आणि गिंको २१ दिवस घ्या, विसरभोळेपणा मुळासकट जातो. अमेरिकेने सिद्ध केलंय. झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो. इंग्रजी गोळ्यांनी मेंदू सुकतो, बंद करा." (गिंको म्हणजे एका चिनी झाडाच्या पानांचा अर्क.)

शेवटची ओळ आधी घेतो, कारण आत्याने तीच पाळली. मेंदूचं वाटोळं बीपीची गोळी करत नाही, चढलेलं बीपी करतं. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या त्याने खराब होतात, अर्धांगवायूचा झटका येतो आणि त्यामागोमाग स्मरणशक्तीही जाते. म्हणजे विसरू नये म्हणून तिने जी गोळी टाकली, तीच तिची आठवण राखत होती. त्या संध्याकाळी तिचं बीपी १९० वर होतं. हे लिहिताना अजून माझा हात थरथरतोय.

आता "अमेरिकेने सिद्ध केलंय". तिथल्या चाचणीत दिसलं ते वेगळंच: गिंकोने स्मृतिभ्रंश टळत नाही. ७५ वर्षं आणि त्यापुढच्या ३,०६९ जणांपैकी निम्म्यांना गिंको (१२० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा) आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली. कोणाला काय मिळतंय हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. सुमारे सहा वर्षं हे चाललं. गिंको घेणाऱ्यांत २७७ जणांना स्मृतिभ्रंश झाला, न घेणाऱ्यांत २४६ जणांना. २००८ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलंय. एवढी मोठी चाचणी झाल्यावरही तोच मेसेज फिरतो, याची चीड येते.

ब्राह्मीबद्दल एक कबूल करतो. तिच्या छोट्या चाचण्यांमध्ये, साधारण बारा आठवड्यांच्या, शब्द लक्षात ठेवण्यात थोडा फरक दिसलाय. पण त्यातली बरीचशी माणसं धडधाकट होती, आणि थोडे शब्द जास्त आठवणं म्हणजे स्मृतिभ्रंश टळणं नव्हे. शिवाय ब्राह्मी म्हणून कोणी नीरब्राह्मी देतं, कोणी मंडूकपर्णी. दोन्ही वनस्पती वेगळ्या. आत्याच्या पुडीवर तर नावच नव्हतं.

साइड इफेक्ट नसतो? बोस्टनच्या दुकानांतल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत गिंको घेतलं तर रक्तस्रावाची भीती असते.

वनस्पतीत औषध नसतंच असं मी म्हणत नाही. अल्झायमरवरचं गॅलँटामीन हे औषध मुळात स्नोड्रॉप नावाच्या फुलझाडाच्या कंदातून मिळालं. पण ते तपासून, मोजून, मात्रा ठरवून दिलं जातं.

आत्याला खरंच विसरायला होतंय, ते मी नाकारत नाही. बी-१२ किंवा थायरॉइड कमी पडलं तरी असं होतं, आणि ते रक्त तपासून कळतं. उद्या सकाळी तिला घेऊन जातोय. तिने हा मेसेज भजनी मंडळाच्या ग्रुपवर पुढे पाठवला होता. त्या मावश्या-काकूंपैकी कोणी बीपीची, शुगरची गोळी थांबवली असेल, तर कृपा करून आजच आपल्या डॉक्टरांना फोन लावा.