मुलांना विचारायचं कशाला? एका सरांना उत्तर

सर, माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘बालहक्क हे परदेशातून आणलेलं खूळ. पोरांना शाळा व्यवस्थापन समितीत बसवून काय होणार? आधी त्यांना नीट शिकू द्या,’ असं तुम्ही लिहिलंत. तीस वर्षं खडू हातात धरलेल्या माणसाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही.

पण खूळ नवं नाही. मुलाचा पालक कोण हे ठरवताना, मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायालय त्याची पसंती विचारात घेऊ शकतं, हे 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्यात आहे. (तो इंग्रजांचा, असं तुम्ही म्हणालच. पण आपण तो आजवर ठेवलाय.) संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार 1989 चा, भारताने तो 1992 मध्ये स्वीकारला. त्याचं कलम 12 मुलांच्या हाती कारभार देत नाही. त्यांच्याशी संबंधित गोष्टीत त्यांना बोलू द्या आणि वय, समज पाहून त्याला वजन द्या, एवढंच.

समितीबद्दल मात्र तुमचं बरंचसं खरं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 मध्ये या समितीवर किमान तीन चतुर्थांश पालक आहेत, निम्म्या महिला आहेत; सदस्य म्हणून मुलांचा उल्लेखच नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात समितीवर विद्यार्थी घेतात, पण मताचा अधिकार न देता. मागच्या लेखात मी याचं जरा जास्तच कौतुक केलं.

माझी मुलगी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत होती तेव्हा मी समितीवर होतो. एका बैठकीत रंगकाम आणि गॅदरिंग यांत दीड तास गेला. सातवीतली एक मुलगी कोपऱ्यात बसून होती. उठता उठता कुणीतरी विचारलं, “काय गं, तुमची काही अडचण?” ती म्हणाली, “नळाला पाणी नसतंय त्या दिवशी आम्ही बाथरूमला जात नाही. म्हणून सकाळी पाणीच पीत नाही.”

आम्ही सगळे सोलापूरकर. घरी पिंपं भरून ठेवणारे. शाळेतली टाकी कुणालाच सुचली नव्हती.

पुढच्या बैठकीत इतिवृत्त वाचलं गेलं. त्यात रंगाचा डबा होता, तिचं वाक्य नव्हतं. खाली मीही सही केली. टाकीचं काम झालं ते नंतर, एका आईने आवाज चढवल्यावर. ती मुलगी त्या बैठकीलाही होती. काही बोलली नाही.

आधी शिकू द्या म्हणता ना, सर? दुपारपर्यंत घसा कोरडा ठेवून ती गणितंच सोडवत होती. तुमच्या शाळेत इतिवृत्त कोण लिहायचं?