अंगठा लागेना!

परवा सेतू केंद्रातल्या मशीननं मला सहा वेळा नाकारलं. लग्नाच्या वेळी मी दोनच नकार पचवले होते.

काम तसं साधं. साडेतीन एकर रान, त्यात ठिबक टाकायचं. अल्पभूधारकाला 80 टक्के अनुदान आहे, केंद्राच्या योजनेतनं 55 आणि राज्याचं वरचं 25. त्यासाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, अर्जाला फार्मर आयडी, आयडीला आधार. आधारला नंबर पोराचा आणि पोरगं चाकणला, जिथं गेटवरच फोन काढून घेतात. म्हणजे ओटीपी गेला. उरला अंगठा.

पहिल्यांदा लाल दिवा लागला आणि मागून तात्या म्हणाले, "ओला असंल. पुसा." त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी पुसला. पुन्हा लाल. "आता लईच कोरडा झाला. केसातनं फिरवा, जरा तेल लागू द्या."

मला टक्कल आहे.

तात्यांनी क्षणभर माझ्या डोक्याकडं पाहिलं, टोपी काढली आणि मान खाली घातली. "घ्या, आमचं वापरा. सकाळीच लावलंय."

रांगेत बाया होत्या, माझा एक जुना विद्यार्थी होता (मी दोन वर्षं शिकवण्या घेतल्यात). तरी मी अंगठा घासला. परक्या माणसाच्या डोक्यावर, चांगला दोनदा. काय करणार, ठिबक पाहिजे.

लाल.

मग तात्यांनी माझा हातच ताब्यात घेतला, उजेडाकडं धरला. "रेघाच न्हाईत की वो! कांदा काढताय जणू?"

"हो, चाललाय."

"मग कसा लागंल? आमच्या सरपंचाचा बघा, टेकवला की हिरवा. हात कसा, लोण्यासारखा!"

आमचे आजोबा अंगठाबहाद्दर. सावकाराच्या कागदावर त्यांचा अंगठा झकास उमटायचा, त्यातच दोन एकर गेले. पोरांनी तरी सही करावी म्हणून वडिलांनी मला बीएपर्यंत शिकवलं. माझी सही खरंच सुंदर आहे. ऑपरेटरला म्हटलं, सही चालेल का? तो हसला. अजून डोक्यात जातंय ते हसणं.

"आठ दिवस रानात जाऊ नका काका," तो म्हणाला, "रेघा येतात परत."

ऐन काढणीत! त्या आठ दिवसांची मजुरी कोण देणार? शेतकरी आहे हे पटवायला शेत सोडून घरी बसा म्हणे. आणि याच अंगठ्यापायी पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ताही केवायसीत अडकलाय, ते वेगळंच.

पुढचा नंबर तात्यांचा. टेकवला, हिरवा.

"तुमचं रान किती, तात्या?"

"कुठलं रान? कवाच इकलं. श्रावणबाळच्या पेन्शनीचं काम हाय." त्यांनी टोपी चढवली. "परत येताना सांगा, तेल लावून येतो."