साखरेची मतविभागणी

बिस्किटाच्या पुड्यावर पुढे गव्हाच्या लोंब्या डोलतात आणि ‘पौष्टिक’ हा शब्द आवळ्याएवढ्या अक्षरांत असतो. घटकांची यादी मागे, नेमकी चिकटवलेल्या दुमडीखाली. ती वाचायला मी पुडा तिरका धरतो, उजेडाकडे धरतो, शेवटी मोबाइलने फोटो काढून मोठा करतो. दुकानदार मला अन्न-औषध प्रशासनाचा माणूस समजून अदबीने वागतो.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे, असा नियम आहे. म्हणून पहिलं नाव बघावं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. साखरेलाही. मग ती मतविभागणी करते: थोडी साखर, थोडा इन्व्हर्ट सिरप, थोडा लिक्विड ग्लुकोज, थोडं माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर). चौघं वेगवेगळे उभे राहिले की पहिली जागा पिठाला. हरण्यासाठी निवडणूक लढवणारी उमेदवार ही एकच! बेरीज पोषणतक्त्यात ‘एकूण साखर’ या ओळीत सापडते. माल्टोडेक्स्ट्रिन मात्र तिथूनही बरंचसं निसटून कर्बोदकांत जाऊन बसतं.

तक्त्यातलं ‘सर्व्हिंग’ म्हणजे बऱ्याचदा दोन बिस्किटं. ठरवणाऱ्याला सोबत चहा मिळाला नसावा. आपण १०० ग्रॅमचाच रकाना वाचावा. नूडल्सवर मीठ नसतं, सोडियम असतं. त्याला अडीचने गुणायचं. १,००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते, म्हणजे निम्मा दिवस एका वाडग्यात संपला.

ब्राझीलचे संशोधक कार्लोस मोंतेइरो यांच्या ‘नोव्हा’ वर्गवारीत, अन्नावर किती आणि कशी प्रक्रिया झाली यावरून, चार गट आहेत. मैदा, पाणी, यीस्ट, मीठ एवढ्याचाच पाव तिसऱ्यात. त्यात इमल्सिफायर ४७१ (तेल-पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ) पडला की चौथ्यात, अति-प्रक्रियाकृत. आपल्या फडताळात जे सापडणार नाही, ते यादीत शोधायचं. (घरची चकली चौथ्या गटात नाही, म्हणून डबा संपवायचा परवाना मिळत नाही. मी विचारून पाहिलंय.)

एवढी उठाठेव का, तर अमेरिकेत संशोधक केविन हॉल यांनी २०१९मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग. २० जणांना दोन आठवडे अति-प्रक्रियाकृत आणि दोन आठवडे साधं अन्न, हवं तेवढं खा. वाढलेल्या ताटांत कॅलरी, साखर, चरबी, मीठ, तंतू (फायबर) सारखेच. तरी पहिल्या प्रकारात माणसं भरभर जेवली, रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन बसली आणि वजन जवळजवळ किलोभर वाढलं. त्या ताटात तंतू तर इतके कमी पडत होते, की बरोबरी साधायला ते पेयांत कालवून पाजावे लागले.